शांतिसेनेतल्या ‘कायदेवाल्या साहेबां’बद्दल सारखे येणारे प्रश्न

शांतिसेना म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर निळं हेल्मेट आणि पांढरी जीप येते. त्याच मिशनमध्ये पोलीस, कोर्ट आणि तुरुंग असं तिन्ही खातं बघणारा एक बडा अधिकारी असतो असं सांगितलं की लोक आधी गप्प बसतात आणि मग प्रश्नांची रांग लागते. लॉचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षावाले, डेप्युटेशनवर जायचं डोक्यात असलेले पोलीस, सगळे फिरून फिरून तेच विचारतात म्हणून एकदाच एका जागी लिहून टाकतोय. उदाहरणं जास्त करून पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाची आहेत, कारण हे पद तिथे जितकं नीट बघायला मिळतं तितकं इतर ठिकाणी नाही.

१. हे पद नक्की कोणतं? एकच माणूस असतो की बरेच?

खुर्च्या दोन आहेत, गोंधळ तिथेच होतो. पहिली न्यूयॉर्कला, संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात. तिथे शांतता मोहिमांच्या खात्यात ‘कायद्याचं राज्य आणि सुरक्षा संस्था’ नावाचं ऑफिस आहे, ते २००७ मध्ये निघालं, त्याच्या प्रमुखाला सहायक महासचिवाचा दर्जा असतो. पहिले दिमित्री टिटोव्ह, त्यांच्यानंतर २०१७ मध्ये अलेक्झांडर झुएव आले, दोघेही रशियन. दुसरी खुर्ची प्रत्यक्ष मिशनमध्ये. मिशनचा मुख्य साहेब म्हणजे महासचिवांचा विशेष प्रतिनिधी, त्याच्या हाताखाली सहसा दोन उपप्रतिनिधी असतात, आणि काही मिशनमध्ये त्यातल्या एकाकडे कायद्याचं राज्य हे काम सोपवलेलं असतं. लायबेरियात असं होतं, काँगोतही (लोकशाही प्रजासत्ताक काँगो, किन्शासाचा) काही वर्षं होतं. सगळीकडे नसतं. मंत्रालय आणि जिल्हा असं डोक्यात ठेवा, मग पुढचं सोपं जाईल. खाली जिथे नुसतं ‘साहेब’ किंवा ‘मॅडम’ लिहिलंय तिथे मिशनमधली खुर्ची समजा.

२. कायद्याचं राज्य म्हणजे आपली कायदा-सुव्यवस्थाच ना?

नाही हो. कायदा-सुव्यवस्था म्हणजे रस्त्यावर दंगल नको, चौकात बंदोबस्त हवा. ती हुकूमशहासुद्धा ठेवतो, बऱ्याचदा जास्तच चांगली ठेवतो. तेव्हाचे महासचिव कोफी अन्नान यांनी २००४ मध्ये सुरक्षा परिषदेला जो अहवाल दिला त्यातली व्याख्या अजून वापरतात, तिचा सारांश असा की माणूस असो, संस्था असो की खुद्द सरकार असो, सगळे कायद्याला बांधील, आणि तो कायदा जाहीर केलेला, सगळ्यांना सारखा लागू आणि स्वतंत्र कोर्टाने लावलेला असला पाहिजे. ‘खुद्द सरकार’ हे दोन शब्द जड आहेत, साहेबांची अर्धी डोकेदुखी तिथूनच सुरू होते.

३. हाताखाली कोण कोण असतं?

मिशनमध्ये पोलीस विभाग, न्यायविभाग आणि तुरुंगविभाग हे तिघे ठरलेले. पोलीस कमिशनर कुठे या साहेबांना रिपोर्ट करतो, कुठे थेट मिशनप्रमुखाला, ते मिशनप्रमाणे बदलतं. लष्कर यांच्याकडे नसतं, त्याचा फोर्स कमांडर वेगळा. न्यूयॉर्कच्या ऑफिसचा पसारा मात्र मोठा आहे, पोलीस, न्याय आणि तुरुंग तर आहेतच, वर लढवय्यांची शस्त्रं काढून घेऊन त्यांना घरी पाठवणं, त्या देशाचं सैन्य-पोलीस नव्याने उभं करणं आणि भूसुरुंग काढणं पण तिथेच. भूसुरुंग ऐकून सगळे दचकतात. पण रस्त्यात सुरुंग असेल तर मॅजिस्ट्रेट तालुक्याच्या कोर्टात पोचणार कसा, असा साधा विचार करून बघा. शिवाय इटलीत ब्रिंडिसीला पोलिसांची आणि न्याय-तुरुंगवाल्यांची एक कायमची छोटी टीम बसलेली असते, नवं मिशन निघालं की पहिली माणसं तिथून उचलतात.

४. सैनिक असताना ही मंडळी लागतातच कशाला?

सैनिक गोळीबार थांबवतो, चोर पकडून त्याचं पुढे काय करायचं हे त्याचं काम नाही. हे नव्वदच्या दशकात बरेच हात पोळल्यावर कळलं आणि संयुक्त राष्ट्रांनी शांतता मोहिमांवर काढलेल्या २००० च्या ब्राहिमी अहवालात ते स्पष्ट लिहिलं गेलं, की पोलीस एकटे पाठवून उपयोग नाही, सोबत न्याय आणि तुरुंगाची माणसं द्या.

लायबेरिया बघा. १९८९ पासून दोन यादवी युद्धं, २००३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर देश सोडून गेला, सप्टेंबरमध्ये सुरक्षा परिषदेने ठराव १५०९ केला आणि १५ हजार सैनिकांचं मिशन मंजूर झालं. लाखावर लोकांची शस्त्रं काढून घेतली. ते काम तसं लवकर उरकलं. मग बघतात तर पोलीस म्हणजे युद्धातलीच एक टोळी झालेली, कोर्टाच्या इमारतींना छप्पर नाही, मॅजिस्ट्रेटच्या खुर्चीवर बसलेल्या कितीतरी जणांकडे कायद्याची पदवी नाही आणि तुरुंगातून सगळे कधीच पळालेले. शून्यातून नाही, शून्याच्या खालून सुरुवात.

५. बरं, मग साहेब दिवसभर करतात काय?

मीटिंगा. खरंच, मुख्यतः मीटिंगा. न्यायमंत्री, सरन्यायाधीश, पोलीसप्रमुख, पैसे देणारे देश, पुन्हा न्यायमंत्री. पण त्या कशासाठी ते लायबेरियाच्या राजधानीतल्या, मॉन्रोव्हियाच्या तुरुंगात गेलं की कळतं.

मॉन्रोव्हिया सेंट्रल प्रिझन साउथ बीच भागात आहे, समुद्राला लागून, आणि वर्षानुवर्षं क्षमतेच्या कितीतरी पट भरलेलं. आतले बहुतेक कच्चे कैदी. आता गंमत बघा, गर्दी का झाली? तर पोलीस सुधारले म्हणून! मिशनने २००७ पर्यंत साडेतीन हजारांच्या आसपास नवे पोलीस पारखून, ट्रेनिंग देऊन उभे केले, त्यांनी माणसं पकडायला सुरुवात केली, पण खटला चालवणारं कोर्ट होतं तिथेच राहिलं. मोठा गुन्हा असेल तर आधी ग्रँड ज्युरीने, म्हणजे साध्या नागरिकांच्या मंडळाने, आरोप पक्का करायचा, मग सर्किट कोर्टात केस, आणि ते कोर्ट वर्षभर सलग चालत नाही, ठरावीक सत्रांत बसतं. सत्र संपलं की पुढच्या सत्राची वाट बघा. नळाला पाणी फुल सोडलं आणि मोरी तुंबलेली, तसं झालं.

त्यावर २००९ मध्ये एक जुगाड निघाला, कैद्यांना कोर्टात आणण्याऐवजी मॅजिस्ट्रेटच तुरुंगात जाऊन बसायला लागले. अशा बैठकीत काय होतं? कारकून नाव पुकारतो. माणूस उभा राहतो. फाईल मागवतात तर फाईल नाही. आत टाकल्याची नोंद रजिस्टरमध्ये आहे, पण ज्याने तक्रार केली तो नंतर फिरकलाच नाही, चोरीला गेलेली वस्तू मोबाइलएवढी, आणि समोरचा तिच्यासाठी शिक्षेपेक्षा जास्त दिवस आत काढून बसलाय. मॅजिस्ट्रेट सोडून देतात. पुढचं नाव. हे कामकाज बघितलं की माझ्या मते या पदाचं सगळं मर्म कळतं: पोलीस, कोर्ट, तुरुंग ही एक साखळी आहे, आणि त्यातली एकच कडी घासून पुसून चकचकीत केली तर ताण दुसरीवर जातो. तिन्ही कड्या एका माणसाच्या टेबलावर आणायच्या म्हणून तर हे पद काढलं.

६. ते तिथल्या कोर्टाला किंवा पोलिसांना ऑर्डर देऊ शकतात का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर ऐकून सगळे खट्टू होतात. देश त्यांचा, न्यायाधीश त्यांचे, कायदा त्यांचा. साहेब सल्ला देतात, ट्रेनिंग देतात, इमारत बांधून देतात, रेडिओ आणि गाड्या देतात, आणि न्यूयॉर्कला जाणाऱ्या रिपोर्टमध्ये एखादं खोचक वाक्य टाकू शकतात. बस. पदनाम केवढं आणि हातात काय, तर समोरच्याला पटवण्याची कला. म्हणून इथे माणूस कोण आहे याला फार महत्त्व येतं (बघा प्रश्न १२).

याला दोन अपवाद आहेत, ते प्रश्न ७ आणि ८ मध्ये.

७. मग कोसोव्होत संयुक्त राष्ट्रांनी स्वतःच कोर्टं चालवली म्हणतात ते?

खरं आहे. कोसोव्हो (तेव्हा सर्बियाचा प्रांत) आणि पूर्व तिमोर, दोन्ही १९९९ मधली. तिथे सल्ला नव्हता, राज्यच चालवायचं होतं. कोसोव्होत ठराव १२४४ नंतर पोलीस, न्यायाधीश, तुरुंग सगळं संयुक्त राष्ट्रांच्या अखत्यारीत आलं.

आणि पहिल्याच घासाला खडा. कायदा कोणता लावायचा? पहिल्या नियमात लिहिलं की आधी जो चालू होता तोच चालू. कागदावर तर्कशुद्ध. पण ‘आधी चालू होता’ म्हणजे बेलग्रेडचा, सर्बियाच्या सरकारचा, ज्याच्या नावाखाली अल्बेनियन लोकांना दहा वर्षं चिरडलं तो. अल्बेनियन न्यायाधीश म्हणाले आम्ही हा लावणार नाही. काही महिने असेच ओढाताणीत गेले आणि शेवटी डिसेंबर १९९९ मध्ये नवा नियम काढावा लागला, की २२ मार्च १९८९ ला कोसोव्होत जो कायदा होता तो लागू. तारीख नीट बघा. कोसोव्होची स्वायत्तता काढून घेतली त्याच्या आदल्या दिवसाची आहे. कायद्याचं राज्य आणायला गेलेल्यांना कायदाच सापडत नव्हता, याहून बोलकं उदाहरण मला तरी माहीत नाही. न्यूयॉर्कमध्ये बसून मसुदा लिहिताना ‘कायदा म्हणजे कायदा’ वाटतो, ज्याच्या पाठीवर तो उठलाय त्याला तसा वाटत नाही.

८. शांतिसैनिक कुणाला अटक करू शकतात का?

साधारणपणे पकडून स्थानिक पोलिसांच्या ताब्यात देतात. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक हा वेगळा मामला. तिथलं मिशन २०१४ मध्ये ठराव २१४९ ने सुरू झालं तेव्हा कित्येक भागांत सरकारचा शिपाईसुद्धा शिल्लक नव्हता, मग ‘तातडीचे तात्पुरते उपाय’ या नावाखाली मिशनलाच अटक करून ठेवायची मुभा दिली. अटी कडक, तिथल्या सरकारने रीतसर विनंती केली पाहिजे, आणि जिथे सरकारी यंत्रणा नाही किंवा बंद पडलीय तिथेच. पकडलेला माणूस पुढे द्यायचा कुठे हा प्रश्न आलाच, म्हणून राजधानी बांगीत स्थानिक आणि परदेशी न्यायाधीश एकत्र बसणारं विशेष फौजदारी कोर्ट निघालं. त्याचा कायदा २०१५ चा आणि पहिला निकाल ३१ ऑक्टोबर २०२२ चा. सात वर्षं. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही.

९. कोर्टच गावापासून शेकडो किलोमीटर लांब असेल तर?

तर कोर्ट गावात न्यायचं. पूर्व काँगोत रस्तेच नाहीत, म्हणून फिरती कोर्टं चालतात, न्यायाधीश, वकील, कारकून सगळे गाडीत किंवा हेलिकॉप्टरमध्ये घालून न्यायचे, आणि एखाद्या शाळेत नाहीतर मंडपाखाली सुनावणी. फिझी गावात १ जानेवारी २०११ च्या रात्री सैनिकांनीच बायकांवर बलात्कार केले, तेव्हा बाराकाला असंच फिरतं लष्करी कोर्ट बसलं आणि फेब्रुवारी संपायच्या आत एका लेफ्टनंट कर्नलला २० वर्षांची शिक्षा झाली. बायकांनी साक्षी दिल्या. सैनिकांचे खटले तिथे लष्करी कोर्टात चालतात, म्हणून २०१० च्या ठराव १९२५ नुसार लष्करी सरकारी वकिलांच्या मदतीला खास कक्ष नेमले गेले. खटला ते चालवत नाहीत, पुरावा कसा गोळा करायचा आणि चार्जशीट कुठे कच्चं राहतंय एवढंच शेजारी बसून दाखवतात. म्हणजे परत प्रश्न ६.

१०. लोक कोर्टात जातच नसतील, गावपंचायतीतच मिटवत असतील तर?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे लायबेरियातही सगळ्यांना माहीत आहे. खेड्यात निवाडा गावप्रमुख आणि वडीलधारी मंडळी करतात, स्वस्तात, स्वतःच्या भाषेत, त्याच दिवशी. जमिनीचं, नवरा-बायकोचं भांडण असेल तर मिशनवाल्यांनाही यात काही वावगं वाटत नाही, वाटूही नये. अडचण ‘सॅसीवुड’सारख्या प्रकाराची, आरोपीला विषारी सालीचा काढा पाजायचा आणि वाचला तर निर्दोष. आपल्याकडच्या जुन्या दिव्यासारखंच, उकळत्या तेलातून नाणं काढ म्हणायचे ना, तसं. कायद्याने बंदी आहे तरी होतं. नुसतं ‘बंदी आहे’ म्हणून चालत नाही, कारण लोक विचारतात की मग तुमचं कोर्ट कुठेय? त्यावरचा एक प्रयत्न म्हणजे २०१३ मध्ये ग्बार्नगा शहरात उघडलेलं न्याय-सुरक्षा केंद्र, पोलीस, सरकारी वकील आणि तक्रार ऐकणारी माणसं राजधानीबाहेर एकाच आवारात. असे पाच काढायचे ठरले होते. पैसा संयुक्त राष्ट्रांच्या शांतता उभारणी निधीतून आला. आवार छान झालं, पण गाडीत डिझेल कोण घालणार हा प्रश्न बांधकाम संपल्यावर उभा राहिला, तो कुठल्याही सरकारी इमारतीच्या बाबतीत राहतोच.

११. यात भारतीय कुठे आहेत?

बऱ्याच ठिकाणी. किरण बेदी २००३ मध्ये न्यूयॉर्कला शांतता मोहिमांच्या पोलीस सल्लागार झाल्या, त्या जागेवरच्या पहिल्या महिला. आणि जानेवारी २००७ मध्ये सीआरपीएफच्या शंभरावर महिलांची तुकडी मॉन्रोव्हियाला उतरली, संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातली पूर्ण महिलांची पहिली पोलीस तुकडी. दरवर्षी नवी तुकडी, असं २०१६ च्या फेब्रुवारीपर्यंत चाललं. काम काय, तर राष्ट्राध्यक्षांच्या ऑफिसबाहेर पहारा, रात्रीची गस्त, जमाव पांगवणं. पण रोज रस्त्यावर बंदूक घेतलेली बाई दिसायला लागली याचा परिणाम वेगळाच झाला, मुली पोलीस भरतीला यायला लागल्या. लायबेरियाच्या सुरक्षा दलांत महिलांचं प्रमाण ६ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर गेलं असं संयुक्त राष्ट्रांनी तुकडीच्या निरोपाच्या वेळी सांगितलं. सगळं श्रेय या बायकांना देता येणार नाही, पण साहेबांच्या शंभर मीटिंगांपेक्षा चौकातली ती एक शिफ्ट जास्त बोलली असं मी तरी म्हणेन.

१२. ही पोस्ट मिळते कुणाला? जज लागतो की पोलीस?

ठरलेला साचा नाही. लायबेरियात २००७ पासून हेन्रिएटा मेन्सा-बोन्सू होत्या, घाना विद्यापीठात कायदा शिकवणाऱ्या प्राध्यापक, पुढे २०२० मध्ये घानाच्या सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती झाल्या. काँगोत लैला झेरुगी होत्या, अल्जेरियाच्या न्यायाधीश, आणि काही वर्षांनी त्याच मिशनच्या प्रमुख म्हणून परत आल्या. नेमणूक महासचिव करतात. देश नावं सुचवतात, लॉबिंग जोरात चालतं, कुठल्या खंडाचा, बाई की पुरुष, कुठल्या देशाने किती सैनिक दिलेत, सगळ्याचा हिशेब होतो. फ्रेंच येत नसेल तर काँगो, मध्य आफ्रिका ही दारं जवळजवळ बंद, माली आणि हैतीत शांतिसेना होती तेव्हा तीही.

१३. मी साधा पीएसआय आहे किंवा नुकताच वकील झालोय, मला काही चान्स?

या खुर्चीला लगेच नाही, पण खालून वाट आहे. पोलीस असाल तर डेप्युटेशन, केंद्र सरकारमार्फत नाव जातं, किमान पाच वर्षं नोकरी लागते आणि इंग्रजी, ड्रायव्हिंग, नेमबाजी अशी परीक्षा असते. चांगले चांगले अधिकारी ड्रायव्हिंगला आपटतात, कारण इतकी वर्षं गाडी ड्रायव्हरने चालवलेली. तुरुंग खात्यातल्या लोकांनाही त्यांचं सरकार उसनं देतं, हे आपल्याकडे फार कुणाला ठाऊक नाही. वकिलांनी न्यायविषयक अधिकारी या जागा संयुक्त राष्ट्रांच्या भरतीच्या वेबसाइटवर बघाव्यात, किंवा स्वयंसेवक म्हणून आत शिरावं. कोर्टातला प्रत्यक्ष अनुभव मात्र हवाच, आणि फ्रेंचचं प्रश्न १२ मध्ये सांगितलंच.

१४. शांतिसैनिकानेच गुन्हा केला तर हेच साहेब कारवाई करतात का?

नाही, आणि दुखरी नस हीच आहे. सैनिकावर खटला फक्त त्याचा स्वतःचा देशच चालवू शकतो. मिशनमधल्या पोलिसांना आणि कर्मचाऱ्यांना ड्यूटीपुरतं संरक्षण आहे, ते महासचिव काढून घेऊ शकतात. तपास आणि शिस्तीचं काम वेगळ्या विभागांकडे असतं. २०१६ च्या ठराव २२७२ नंतर लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पूर्ण तुकडी परत पाठवता येते, पण परत पाठवणं म्हणजे शिक्षा नव्हे. हैतीत तर याहून मोठं झालं, २०१० मध्ये शांतिसैनिकांच्या तळावरून नदीत गेलेल्या घाणीतून कॉलरा पसरला, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, अमेरिकेच्या कोर्टात दावा केला तर तो संयुक्त राष्ट्रांना असलेल्या कायदेशीर संरक्षणामुळे टिकला नाही. तेव्हाचे महासचिव बान की मून यांनी माफी मागितली ती डिसेंबर २०१६ मध्ये. त्यानंतर वर्षभराच्या आत हैतीत जे नवं मिशन आलं त्याच्या नावातच ‘न्यायाला पाठिंबा’ होतं. तिथल्या माणसाला ते नाव वाचून काय वाटलं असेल याचा विचार त्या पदावर बसणाऱ्याने रोज सकाळी करावा.

१५. मिशन बंद झालं की सगळं परत कोसळतं का?

मालीत २०२३ मध्ये सरकारनेच निघा म्हटलं आणि डिसेंबरअखेर गाशा गुंडाळावा लागला, अशा घाईत हातातलं काम तसंच सोडून यावं लागतं. लायबेरियात वेळ मिळाला. ३० जून २०१६ ला सुरक्षेची सगळी जबाबदारी तिथल्या सरकारकडे गेली, मिशन ३० मार्च २०१८ ला संपलं.

मधल्या काळातली एक गोष्ट सांगतो. २०१७ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक, दुसरी फेरी ७ नोव्हेंबरला ठरलेली, आणि आदल्या दिवशी सुप्रीम कोर्टाने गैरप्रकाराची तक्रार आहे म्हणून मतदान थांबवलं. याच देशात चौदा वर्षांपूर्वी असल्या वादाचा निकाल एके-४७ ने लागत होता. सगळे थांबले. महिनाभराने कोर्टाने तक्रार फेटाळली, २६ डिसेंबरला मतदान झालं, जॉर्ज वेआ जिंकले, हरलेले जोसेफ बोआकाई गप घरी गेले. २०२३ मध्ये उलट झालं, बोआकाई जिंकले आणि वेआंनी हार मान्य केली.

पण युद्धातल्या अत्याचारांसाठी लायबेरियाच्या भूमीवर एकही खटला मिशन असेपर्यंत उभा राहिला नाही. टेलरला ५० वर्षं झाली ती शेजारच्या सिएरा लिओनमधल्या गुन्ह्यांसाठी, एका टोळीप्रमुखाला २०२१ मध्ये २० वर्षं झाली ती स्वित्झर्लंडमध्ये. युद्धगुन्हे कोर्टाची तयारी करणारं ऑफिस काढायचा आदेश बोआकाईंनी काढला मे २०२४ मध्ये, मिशनची शेवटची गाडी गेल्यावर सहा वर्षांनी.